गाण्याला इको किती असावा?

(चिरनेर येथे गायन पार्ट्यांच्या मुलामुलींपुढे व साऊंड सांभाळणाऱ्या तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला विषय दिला आहे तो असा, की स्टेजवर गाणाऱ्याच्या आवाजाला इको आणि डिले किती लावावा. विषय ऐकून मागे बसलेल्या ज्येष्ठ मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, ते आमच्या लक्षात आलं आहे. विहाराच्या वर्धापन दिनी हा कसला विषय, असं त्यांना वाटलं असेल. पण जयंतीला आपण दारोदार फिरून वर्गणी गोळा करतो आणि त्यातला मोठा हिस्सा साऊंडवाल्याला देतो. एवढे पैसे मोजल्यावर गाण्यातला शब्द किती माणसांच्या कानांत पडला, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. वर्गणीचा हिशेब आपण भिंतीवर लावतो, शब्दांचा लावत नाही. तो आज थोडा मांडू.

आम्ही काही साऊंडवाले नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईत ज्या थोड्या गिरण्या चालू राहिल्या, त्यातल्या एकीत साचेखात्यात आम्ही उमेदीची वर्षे काढली. ज्यांनी साचेखाते पाहिलं नाही त्यांना सांगतो, शेकडो साचे एकदम चालले, धोटे इकडून तिकडे आपटू लागले, की शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही. आम्ही एकमेकांचं बोलणं ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून ओळखायचो. तेव्हा आवाज मोठा असणं वेगळं आणि शब्द कळणं वेगळं, ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचण्याआधी साच्यावर शिकलो. पुस्तकं नंतर वाचली. साऊंडवाल्या पोरांच्या मागे खुर्ची टाकून बसलो, त्यांना नाना प्रश्न विचारून भंडावलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी इको म्हणजे काय ते पाहू. आपण सगळ्यालाच इको म्हणतो, पण त्यात दोन वेगळी कामं आहेत. एक घुमारा, ज्याला मशीनवर रिव्हर्ब लिहिलेलं असतं. दुसरा पडसाद, त्याला डिले म्हणतात. विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज भरून येतो आणि हळूहळू विरतो, तो घुमारा. डोंगरासमोर उभं राहून हाक मारली की तीच हाक थोड्या वेळाने सुटी परत येते, तो पडसाद. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. कडा १७ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३४ मीटर, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. एवढा वेळ गेला की कानाला परत आलेला आवाज वेगळा कळतो. त्याहून फारच लवकर आला तर तो मूळ आवाजातच मिसळतो आणि आवाज जाड झाल्यासारखा वाटतो. तुमच्या मशीनवर १०० हा आकडा दिसतो ना, ते १०० मिलिसेकंद, म्हणजे हाच सेकंदाचा दहावा भाग. मशीन तुमच्यासमोर १७ मीटरवर एक खोटा कडा उभा करते, एवढंच.

घुमारा म्हणजे काय हे अनुभवायचं असेल तर कार्ल्याच्या लेण्यात जावं. आपल्यातली बरीच मंडळी घाट चढून तिथे गेलेली आहेत. ते चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे, वर कमानीचं उंच छत, आणि सगळा दगड. दगड आवाज पीत नाही, परत फेकतो. तिथे संथपणे त्रिसरण म्हटलं की एकेक अक्षर लांबत जातं, पुढचं अक्षर त्याच्यावर अलगद येऊन बसतं, आणि पाच माणसं पन्नास असल्यासारखी वाटतात. अंगावर काटा येतो. आता त्याच लेण्यात उभं राहून दादरा-कहरव्यातली झपाट्याची कव्वाली म्हणून पाहा. चौथ्या ओळीला नुसता गलका होतो. लेणं तेच, गळा तोच. संथ पठणाला जो घुमारा शोभतो, तोच जलद गाण्याला गिळून टाकतो.

ही गोष्ट अमेरिकेत वॉलेस सबाईन नावाच्या एका तरुण प्राध्यापकाने मोजून काढली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यान-दालनात मास्तर काय बोलतात तेच मुलांना कळेना. ते सुधारण्याचं काम याच्याकडे आलं. त्याने रात्री, सगळं सामसूम झाल्यावर, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा, असा उद्योग चालवला. रिकाम्या दालनात आवाज साडेपाच सेकंदांहून अधिक रेंगाळत होता. मग त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून बाकांवर घातल्या, आणि गाद्या वाढतील तसा तो वेळ कमी होत गेला. साधा माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो असं धरा. साडेपाच सेकंद म्हणजे वीसहून जास्त अक्षरांचं ओझं एकमेकांच्या डोक्यावर. सबाईनने सिद्ध केलं की खोली जितकी मोठी आणि भिंती जितक्या कडक तितका घुमारा जास्त. गादी, पडदा, कापड आणि माणसं वाढली की तो कमी.

आता आपला विहाराचा हॉल बघा. खाली लादी, वर स्लॅब, चारी बाजूंना प्लास्टरच्या भिंती, मोकळ्या खिडक्या. मुळात हाच घुमतो. दुपारी चार वाजता हॉल रिकामा असताना तुम्ही साऊंड चेक करता, तेव्हा आवाज घुमतो. रात्री माणसं भरली की त्यांचे कपडे आणि अंगं आवाज पितात, मग तुम्हाला वाटतं इको कमी पडला, आणि हात नॉबकडे जातो. हॉलमध्ये भर घालायची गरज जवळजवळ नसतेच. उघड्या मैदानावर मात्र थोडी लागते. तिथे आवाजाला अडवायला भिंत नाही, तो तोंडातून निघतो आणि निघून जातो, गळा कोरडा आणि उघडा पडल्यासारखा वाटतो. तेव्हा पहिली गोष्ट ही, की मागच्या कार्यक्रमाला जिथे नॉब होता तिथेच आज ठेवायचा नाही. जागा बदलली की इको बदलला पाहिजे.

हा इको आपल्या गाण्यात आला कुठून, तेही थोडं पाहू, कारण तो पूर्वापार आपलाच आहे असं काही तरुणांना वाटतं. याच चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रह झाला, त्या काळात खेड्यापाड्यांत लाऊडस्पीकर नव्हते. त्याच दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आंबेडकरी जलसे घेऊन फिरत होते. आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, असं बाबासाहेब म्हणत, ही आठवण आपल्या वस्त्यांतून पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ती बरोबरी कशाच्या जोरावर होती? माइक नव्हता, इको तर नव्हताच. ढोलकी, डफ, तुणतुणं आणि गळा. शिकलेला माणूस गावात एखादा, वर्तमानपत्र कोणाच्या घरी येत नव्हतं. जो विचार पोचला तो कानावाटे पोचला.

आणि तरीही जलशात पडसाद होता. तो झिलकरी देत होते! शाहीर ओळ म्हणतो, ओळ संपते, आणि मागे उभे असलेले दोघे-तिघे शेवटचा शब्द उचलून धरतात. यालाच झील धरणं म्हणतात. झिलकऱ्याने शाहिराच्या ओळीच्या मध्ये तोंड घातलं तर शाहीर त्याला तिथल्या तिथे डोळ्यांनी झापायचा. ओळ पुरी झाली की मात्र झील आलीच पाहिजे, कारण तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो शब्द दुसऱ्यांदा ठसतो. डिलेच्या मशीनने नेमकं हेच काम करायचं आहे. मशीन म्हणजे झिलकरी. ते शाहिराच्या अंगावर बोलू लागलं की त्याला गप्प करायचं.

मशीनवाला पडसाद जगात आला तो टेपमुळे. टेपवर आवाज उमटवणारं एक हेड आणि त्याच्यापुढे काही अंतरावर तो वाचणारं दुसरं हेड. टेप सेकंदाला साडेसात इंच धावते आणि दोन हेडांत तीन इंच अंतर आहे, तर आवाज ०.४ सेकंदाने परत येणार. पाचवीतलं पोरसुद्धा हे गणित सोडवील. १९५४ साली अमेरिकेत मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्सने एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांना असाच टेपचा एक झटपट पडसाद लावला आणि तो जगभर गाजला. १९७४ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीचं टेपवर चालणारं स्पेस इको मशीन आलं. घुमाऱ्यासाठी तर काय काय केलं लोकांनी! १९४७ साली बिल पुटनम नावाच्या ध्वनिमुद्रकाने स्टुडिओच्या बाथरूममध्ये स्पीकर आणि माइक ठेवून गाण्याला घुमारा दिला. आपण घरी न्हाणीत गातो तेव्हा आपलाच गळा आपल्याला का आवडतो, त्याचं उत्तर यात आहे. पुढे १९५७ मध्ये जर्मनीत लोखंडाचा मोठा पातळ पत्रा टांगून त्याला आवाजाने थरथरवायची युक्ती निघाली. तुमच्या मिक्सरवर ‘प्लेट’ असं नाव येतं ते त्या पत्र्याचं.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघर आली. प्रल्हाद शिंद्यांसारखे गळे वस्तीवस्तीत वाजू लागले. कॅसेटवर इको असायचा, आणि मग स्टेजवरही तसंच वाजलं पाहिजे अशी मागणी सुरू झाली. यात एक गोष्ट विसरली जाते. कॅसेट आपण घरात ऐकतो, पाच फुटांवरून, आणि एकच गाणं पन्नास वेळा. पन्नासाव्या वेळेला शब्द पाठ झालेला असतो. स्टेजवरचं नवीन गाणं माणूस एकदाच ऐकतो, तेही शंभर फुटांवरून, मांडीवर पोर घेऊन. त्याला शब्द पहिल्या फटक्यात लागला पाहिजे.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरले. जिथे जे मिळेल त्या माइकवर गायले, आणि त्यांचा शब्द लोकांच्या तोंडी बसला. विठ्ठल उमपांचा गळा पहाडी, पण अक्षर स्वच्छ. २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर, स्टेजवरच त्यांनी देह ठेवला. या लोकांना मशीनचं वावडं नव्हतं. पण आधी अक्षर तोंडात तयार व्हायचं, मग ते माइककडे जायचं. आज काही ठिकाणी उलटं झालेलं आम्ही पाहतो. अक्षर कच्चं राहिलं तर इको ते झाकून नेतो.

आता अक्षराचंच घेऊ, कारण सगळ्या विषयाचं मूळ तिथे आहे. ‘हक्क’ म्हणून पाहा. म्हणा मोठ्याने. ‘क्क’च्या आधी जीभ क्षणभर आवाज बंद करते. त्या क्षणात शांतता असते, आणि ती शांतता आहे म्हणूनच तो जोड-क आहे. तिथे मशीनने मागच्या ‘ह’चा घुमारा भरला तर शांतता बुजली. मागे बसलेल्या आजीला ‘हाक’ ऐकू येतं. हक्क मागतोय की हाक मारतोय? ‘सत्ता’, ‘मुक्ती’, ‘शिक्षण’, ‘संघटना’, ‘बुद्ध’, आपले सगळे महत्त्वाचे शब्द असे जोडाक्षरांचे, अडवून सोडलेल्या आवाजाचे आहेत. तसंच त आणि ट, थ आणि ठ यांचं. घात आणि घाट, साथ आणि साठ, यांतला फरक एका बारीक फटक्यात असतो आणि इको पहिला तोच खातो. स्वर काही मरत नाहीत. ‘आ’ला कितीही इको लावा, ‘आ’च राहतो, उलट गोड होतो. म्हणून नियम सोपा आहे: स्वर लांबतो तिथे इको चालतो, व्यंजनं धावतात तिथे चालत नाही. गाणं सुरू होण्याआधीच्या आलापाला द्या की भरपूर! कडव्याला हात आवरा.

गेल्या काही वर्षांत शेजारच्या एका वाडीत जयंतीला गेलो होतो. मुलींची पार्टी होती, गळे चांगले, गाणं शिष्यवृत्तीवर. फॉर्म कुठे भरायचा, कोणती कागदपत्रं लागतात, हे त्या मुलींनी मेहनतीने कडव्यात बसवलं होतं. पोरं नाचली, टाळ्या पडल्या. आमच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, त्यांचा मुलगा दहावीला होता. गाणं झाल्यावर त्यांनी विचारलं, “दादा, दाखला कोणचा म्हनाली ती?” आम्ही अगदी पुढे बसलो होतो, आम्हालाही लागला नव्हता. साऊंडवाल्याला जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, “इको कमी केला तर पब्लिक उठून जाईल.” पब्लिक उठून गेलं नसतं. त्या बाई तर दाखल्याचं नाव घेऊनच उठल्या असत्या.

आता हाताने काय करायचं ते सांगतो. वह्या आणल्या असतील त्यांनी लिहून घ्या.

घुमाऱ्याला मिक्सरमध्ये हॉल, रूम, प्लेट अशी नावं असतात. गाण्याला प्लेट किंवा रूम घ्या, विरण्याचा वेळ दीड सेकंदाच्या आत ठेवा. हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर एक सेकंद पुरे, किंवा मुळीच नको. प्री-डिले म्हणून एक आकडा असतो, तो ३० ते ५० मिलिसेकंद करा. म्हणजे शब्द आधी सुटा निघतो आणि घुमारा त्याच्या मागून चालतो. घरात थोरला माणूस पुढे चालतो आणि पोरं मागे, तसं. घुमाऱ्याच्या लाइनीतला जाड आवाज २०० हर्ट्झच्या खाली कापा, नाहीतर ढोलकी आणि गळा मिळून नुसती घरघर होते. वरचा बारीकही ५००० च्या पुढे थोडा कापा, ‘स’ आणि ‘श’ची सळसळ थांबते.

डिलेला तीन नॉब. टाइम, म्हणजे किती वेळाने. फीडबॅक किंवा रिपीट, म्हणजे किती वेळा. आणि लेव्हल, म्हणजे केवढा. टाइम ठेक्याला बांधा. मिनिटाला १०० मात्रा पडत असतील तर ६० भागिले १००, म्हणजे ०.६ सेकंद, मशीनवर ६००. निम्मा हवा तर ३००. ठेक्याला न बांधलेला डिले ढोलकीवाल्याला वेडा करतो. तो बिचारा कोणाला धरू, गाणाऱ्याला की मशीनला, या विचारात लय सोडतो. गळा नुसता थोडा भरीव करायचा असेल तर ८० ते १२० मिलिसेकंद आणि रिपीट एकच. त्यापलीकडे रिपीट वाढवायचा मोह आवरा.

आणि डिले सारखा चालू ठेवायचा नाही. ज्याच्या हातात मिक्सर आहे त्याने ओळीच्या शेवटच्या शब्दाला नॉब उघडायचा, शब्द एकदा-दोनदा परत आला की बंद करायचा. झील! यासाठी त्याला गाणं पाठ पाहिजे. म्हणून आमचं सांगणं असं, की प्रत्येक पार्टीने आपला एक मुलगा किंवा मुलगी मिक्सरपाशी बसवावी. भाड्याचा साऊंडवाला कितीही हुशार असला तरी ओळ कुठे संपते ते त्याला ठाऊक नसतं. मुली बसल्या तर उत्तमच. वायर आणि बटणं पुरुषांचीच असं कोणी ठरवलं?

गाणाऱ्याच्या पायाशी जो मॉनिटर असतो त्यात इफेक्ट सोडू नका. एक तर माइक लवकर शिट्टी मारतो, दुसरं म्हणजे गाणाऱ्याला आपलाच आवाज मागून आलेला ऐकून लय धरता येत नाही. पहिल्यांदा माइकपुढे उभ्या राहिलेल्या महिला मंडळाच्या भगिनी मात्र म्हणतात, थोडा इको असला की धीर येतो. ते आम्हाला मान्य आहे. ज्या बाईने आयुष्यभर खालच्या आवाजात बोलायचं ऐकून घेतलं, तिला आपला आवाज मोठा आणि गोड ऐकू आला तर तिची पाठ सरळ होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. तिच्या मॉनिटरमध्ये चिमूटभर घुमारा द्या. बाहेरच्या भोंग्यांत तितका नको. दोन्ही वेगवेगळं करता येतं, त्यासाठीच मिक्सरवर वेगवेगळ्या लाइनी दिलेल्या असतात. माइक तोंडापासून चार बोटं धरा, जाळी मुठीत झाकू नका.

डिलेचा एक उपयोग मात्र सजावटीचा नाही, शब्द वाचवण्याचा आहे, आणि तोच आपल्याकडे कमी होतो. लांबलचक मैदानावर स्टेजजवळ एक जोडी आणि ६८ मीटर मागे खांबावर दुसरी जोडी लावली, तर तारेतून आवाज मागच्या भोंग्याला लगेच पोचतो, पण स्टेजचा आवाज हवेतून तिथे जायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. सभेत मागे बसून “काय कळत नाय बुवा” म्हणणारा माणूस बहिरा नसतो. मागच्या भोंग्याच्या लाइनीला २०० मिलिसेकंदांचा डिले लावला की दोन्ही आवाज बरोबर जुळतात आणि शब्द एक होतो. पावलांनी अंतर मोजा, मीटरला तीन मिलिसेकंद धरा, जमून जाईल.

निवेदन, वंदना, भाषण, श्रद्धांजली यांना इको संपूर्ण बंद. गाणं संपल्यावर इफेक्टचं म्यूट बटण दाबायला विसरणं हा तर सगळीकडचा रोग आहे; पाहुणे “बंधूंनो-धूंनो-धूंनो” करत बोलतात आणि पोरं हसतात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे, तोही लक्षात असू द्या. दहाच्या आत शब्द पोचवायचा तर ‘हॅलो माइक टेस्टिंग’मध्ये अर्धा तास घालवून चालणार नाही.

भाषण आता थांबवतो, कारण हा विषय कानाचा आहे. मिक्सर लावून तयार आहे. एकच गाणं तीनदा होईल: एकदा कोरडं, एकदा नेहमीसारखा इको लावून, एकदा फक्त ओळीच्या शेवटी झील देऊन. शेवटच्या दोन रांगांतल्या मंडळींना कोरा कागद आणि पेन्सिली वाटल्या आहेत. जो शब्द लागला नाही तिथे एक रेघ मारायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनीही रेघ मारावी, रेघेला अक्षरओळख लागत नाही. रेघा आपण सगळ्यांसमोर मोजू. पहिलं गाणं महिला मंडळाचं आहे, ताई, या पुढे.